गॅस नव्हता तो

मित्रांनो, भंडारा जिल्ह्यातल्या एका लहान सरकारी दवाखान्यात, तातडीच्या खोलीत उभी असलेली मी एक जुनी ईसीजी मशीन आहे. छातीवर वायरी लावल्या की हृदय कसं चाललंय ते मी कागदाच्या पट्टीवर उमटवते.

नवी आले तेव्हा माझं कोण कौतुक! ललिता सिस्टर मला रोज पुसायच्या. छातीत दुखतं म्हणणाऱ्याची पट्टी दहा मिनिटांत निघालीच पाहिजे, असा नियम भिंतीवर लावलाय. पण तो पाळतात कुणासाठी? पुरुष आला की शर्टाची बटणं पटापट निघतात. बाई आली की सगळ्यांना आठवतं, खोलीत पडदा नाही.

गेल्या वर्षी करडी गावच्या सत्यभामाबाई भाताच्या रोवणीतून थेट आल्या. पायांचा चिखल ओलाच होता. सोबत सून रीता, तिच्या कडेवर लेकरू. बाईंच्या जबड्यात कळ, अंगाला दरदरून घाम.

"गॅस असन," ड्यूटीवरचा कंपाउंडर धनीराम म्हणाला. "उपाशीपोटी रोवणी केली ना, काकू? गोळी घ्या, बाकावर बसा."

"भाऊ, पट्टी काहून नाही काढत?" भिंतीवरच्या नियमाकडे बोट दाखवत रीताने विचारलं.

"पडदा नाही. सिस्टरले जेवून येऊ द्या."

"राहू दे ना वं," सत्यभामाबाई सुनेला म्हणाल्या. "एवढ्या माणसांत पदर कायले काढाले लावतं?"

अर्धा तास गेला! वीज होती, कागद होता, मी होते. ओरडायला मला तोंड नव्हतं.

बाईंचे ओठ पांढरे पडले तशी रीता उठली. "तुमच्या मायले असंच बसवलं असतं का?" म्हणत तिने लेकरू धनीरामच्या हातात कोंबलं. खाटेवरची चादर ओढली, एक टोक शेजारच्या बाईला धरायला दिलं. "हा घ्या पडदा! बोलवा डॉक्टरले."

डॉक्टरांनी वायरी लावल्या. पट्टी पुरती बाहेर यायच्या आत ते म्हणाले, "हा गॅस नाही, अटॅक आहे. गाडी काढा, नागपूरला न्यायचंय."

सत्यभामाबाई वाचल्या. पण वाट पाहण्यात हृदयाचा जेवढा भाग गेला, तो गेलाच. यंदा त्यांना रोवणीला भाताच्या बांधीत उतरता आलं नाही. चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते.

मित्रांनो, तुमच्या आईचा, आजीचा जबडा किंवा पाठ अचानक दुखू लागली, घाम फुटला, तर घरीच गॅस ठरवू नका. तिला लगेच दवाखान्यात आणा आणि पट्टी काढेपर्यंत जागचे हलू नका. पदर सरकवायची लाज तिने कशाला बाळगावी? लाज वाटायला हवी ती, अजूनही चार हात कापड इथे टांगू न शकणाऱ्यांना.