डाव्या खांद्यावरची पिशवी

स्टुडिओत त्यांना सगळे गर्दीकाका म्हणत. कार्टून मालिकेत कुठंही माणसांचा घोळका लागला की तो काकांनी काढायचा. बसथांबा, बाजार, सभा, आग बघायला धावलेले रिकामटेकडे, हेच ते एकोणीस वर्षं काढत आले होते. मालिका एका कुलूप दुरुस्त करणाऱ्याच्या घरची होती. कुलूपवाला, त्याची फटकळ बायको आणि त्या दोघांपेक्षा शहाणा बोका पुढे धडपडत, बोलत, लोकांना हसवत. मागची गर्दी नुसती उभी असे. फार तर एकदा डोळे मिचकावी.

गर्दी काढायची एक रीत ठरलेली होती. वीस-बावीस माणसांचं एक चित्र करून ठेवायचं आणि पुढच्या वेळी तेच उलटं करून वापरायचं. याला म्हणत 'आरसा मारणं'. आरसा मारला की डावा भांग उजवा होई, उजव्या हातातली छत्री डाव्या हातात जाई. त्यानं कुणाचं काही अडत नसे. गर्दीकडे बघतो कोण?

एका बाईला मात्र काकांनी कधी आरसा लागू दिला नाही. चित्र उलटलं की ते तेवढी एकच बाई पुसत आणि पुन्हा काढत. ठेंगणी, घट्ट बांधलेल्या केसांची, खांद्यावर कापडी पिशवी. पिशवी नेहमी डाव्याच खांद्यावर, कारण ताईचा उजवा खांदा लहानपणी शिडीवरून पडून निखळला होता आणि पुन्हा धड बसला नव्हता.

ताई म्हणजे काकांची थोरली बहीण. आईवडील गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं. घरी शिवलेले कपडे त्या पिशवीत भरून ती दुकानोदुकानी पोचवायची. काकांनी तिला गर्दीत उभं केलं तेव्हा ती चांगली खणखणीत होती. मालिका लागली की कुलूपवाला राहिला बाजूला, ती मागंच डोळे लावून बसे.

"आले का रे मी?"

"त्या छत्रीवाल्याच्या मागं बघ."

"आलेच की! पण आजही उभीच? अरे, किती वर्षं उभी करशील? पाय मोडले माझे. एकदा बसव की कुठंतरी."

"बसलेलं माणूस काढायला वेळ लागतो ताई. उभ्या माणसाचं डोकं नि खांदा काढला की भागतं. बसलं की गुडघे येतात."

"मग मला काय गुडघे नाहीत?"

पुढच्या वेळी नक्की, असं काका म्हणत. दर आठवड्याला काम गळ्याशी येई आणि पुढची वेळ पुढंच जाई. असं करता करता ताईच गेली. त्याला आता सहा वर्षं झाली होती. तिची खोली आवरली गेली, शिलाईयंत्र कुणाला तरी दिलं. ती उरली होती ती फक्त छत्रीवाल्याच्या मागं, दर आठवड्याला दोन-तीन सेकंद.

एके दिवशी मालिकेची लेखिका काकांच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. वयानं त्यांच्या निम्मी, जिभेनं तिखट. हातात गर्दीची तीन चित्रं.

"काका, ही बाई कोण?"

काकांच्या हातातली पेन्सिल थांबली. "कुणी नाही. गर्दीतली."

"तीनशे भाग पालथे घातलेत मी. सगळ्यांचे भांग इकडचे तिकडे होतात, हिची पिशवी काही हलत नाही. हे आपोआप होतं, असं मला सांगू नका."

एकोणीस वर्षांत कुणीतरी गर्दीकडे पाहिलं होतं! काकांना भीती वाटली आणि भीतीहून मोठं काहीतरी वाटलं, त्याला नाव देता येईना. "तिचा उजवा खांदा दुखतो," एवढंच ते म्हणाले.

लेखिका हसली नाही. "मला हवीय ती," ती म्हणाली.

नव्या भागाचं नाव होतं 'नव्याचे नऊ दिवस'. पुलाच्या उद्घाटनाला नगराध्यक्ष लांबलचक भाषण ठोकतात. कॅमेरा चालू असतो आणि मागं गर्दीत एक बाई अशी काही जांभई देते की सगळं शहर तिच्यावर फिदा होतं. लोक तिच्यासारखी जांभई देऊ लागतात. जांभईचे वर्ग निघतात. कुलूपवाला दुकान बंद करून तिचा व्यवस्थापक होतो. नवव्या दिवशी एका माणसाची टोपी नदीत पडते, तो टोपीमागं उडी मारतो आणि सगळं शहर टोपीवाल्याच्या मागं धावतं. शेवटी बाई घरात एकटीच आरशासमोर जांभई देत रडते.

सभेत हे वाचून दाखवलं तेव्हा सगळे हसून हसून खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले. काकांनाही हसू आलं. दिग्दर्शक कागद आवरता आवरता म्हणाले, "आणि काका, उद्यापासून तिला गर्दीतून काढा. आपला नियम माहीत आहे ना? एकदा बोलला तो गर्दीतून गेला. नाहीतर प्रेक्षक म्हणतात, अरे, ही तर ती! मग पुढचं कुणी बघत नाही."

भर सभेत काका कधी बोलले नव्हते. त्यांचा चहा तसाच निवला.

दोन दिवसांनी पात्रांना चालवणाऱ्या चित्रकारानं त्यांना गाठलं. "काका, बाई तुमची. कशी चालते, दाखवा."

"मी? मी कसा दाखवू?"

"लाजताय काय नव्या नवरीसारखे? चला, बोळात कुणी नाही."

कागदांची थैली डाव्या खांद्यावर अडकवून काका बोळातून चालले. उजवा हात अंगाशी धरून, घाईघाईत, भिंतीच्या कडेकडेनं. टोकाला जाऊन परत आले तेव्हा त्यांचे कान तापले होते. चित्रकारानं चार रेघा मारून घेतल्या.

आठवड्यानं त्यानं त्यांना पडद्यासमोर बसवलं. रंग नव्हते, आवाज नव्हता, नुसत्या पेन्सिलीच्या रेघा थरथरत होत्या. छत्रीवाला उभा होता. त्याच्यामागून ताई बाहेर आली.

एकोणीस वर्षं जागची न हललेली ताई चालत पुढं आली. उजवा हात अंगाशी धरून, घाईघाईत. वाटेत थांबून तिनं पिशवीचा बंद अंगठ्यानं वर सरकवला, मान वळवली आणि सरळ काकांकडे पाहिलं. काका खुर्चीचे हात धरून बसले. रेघा कशा काढतात, सेकंदाला किती काढतात, सगळं त्यांना ठाऊक होतं. उभा जन्म त्यात गेला होता. तरी समोरच्या त्या बाईपुढं त्यातलं काहीच खरं वाटेना.

"ते अंगठ्याचं मी सांगितलं नव्हतं," ते म्हणाले.

"सांगितलं नाहीत. चालताना तुम्हीच केलंत, दोनदा."

काकांनी स्वतःचा अंगठा वळवून पाहिला. मग उठले आणि तसेच सभेच्या खोलीत गेले. तिथं शेवटच्या प्रसंगावर बोलणं चाललं होतं.

"ती रडणार नाही," काका दारातूनच म्हणाले.

सगळ्या माना वळल्या. दिग्दर्शकांनी चष्मा काढला. "मग काय करेल?"

"नऊ दिवस लोकांनी तिला सोडलं नाही. कामं तुंबली असतील. ती पिशवी घेईल नि बसथांब्यावर जाईल." आता थांबणं शक्य नव्हतं. "तिथं बाकावर बसेल. दमली असेल ना. आणि मग खरी जांभई देईल. ती कुणी बघणार नाही."

"छान आहे," दिग्दर्शक म्हणाले, "पण हसायचं कुठं?"

लेखिका पेन चावत होती. ती एकदम ताठ झाली. "शेजारी कुलूपवाला येतो! गळ्यात टोपीवाल्याचा फोटो. तिला निरखून बघतो नि विचारतो, 'बाई, तुम्हाला कुठंतरी पाहिलंय.' ती म्हणते, 'गर्दीत असेन.'"

हशा पिकला. काकांनी त्यातच रेटलं, "आणि त्यानंतर तिला गर्दीत राहू द्या."

"काका, नियम..."

"नियम कशाला आहे साहेब? लोक ओळखतात म्हणून!" लेखिका म्हणाली. "नऊ दिवसांनी कोण ओळखतंय? नाहीतर आपण भाग कशावर काढलाय?"

दिग्दर्शकांनी चष्मा पुन्हा चढवला. "ठीक. पुढच्या भागात गर्दीत ठेवा. कुणी एकानं जरी ओळखलं, तर मात्र ती गेली."

शेवटच्या प्रसंगातली गर्दी काकांनी काढली. बाक, गुडघे, गुडघ्यांवरून पडणाऱ्या चुण्या, यात आख्खी दुपार गेली. एका जोडी गुडघ्यांपायी एवढी दुपार त्यांनी कधी घालवली नव्हती.

भाग लागला आणि दुसऱ्याच दिवशी काका रस्त्यात थबकले. बसचा वाहक तिकीट देता देता ताईची जांभई देत होता, उजवा हात अंगाशी धरून. औषधांच्या दुकानात दोघं जण कुणाची जास्त हुबेहूब याची पैज लावत होते. चौकात शाळेतल्या मुलींची एक रांगच्या रांग एकदम जांभया देत गेली. ज्या रस्त्यांनी ताई आयुष्यभर पिशवी घेऊन गेली आणि कुणी मान वर केली नाही, तेच हे रस्ते. काका थक्क होऊन बघत राहिले. ओरडून सांगावंसं वाटलं, अरे, ही माझी ताई! पण जीभ रेटली नाही, आणि ते बरंच झालं.

कारण लोक तिला कधी विसरतात, याचे दिवस ते मोजत होते. सहाव्या दिवशी जांभया विरळ झाल्या. आठव्या दिवशी वाहक नुसतं तिकीट देत होता. दहाव्या दिवशी बसमध्ये सगळे कुठल्याशा शिंकणाऱ्या घोड्याबद्दल बोलत होते.

मधल्या आठवड्यात मालिका लागलीच नव्हती; चौदाव्या दिवशी पुढचा भाग लागला. त्यात बागेतला घोळका होता आणि घोळक्यात, बाकाच्या कडेला बसलेली, ती होती. काका तीन दिवस नीट जेवले नाहीत. चौथ्या दिवशी लेखिका प्रेक्षकांची पत्रं घेऊन आली आणि सगळा गठ्ठा टेबलावर ठेवला.

"बोक्याबद्दल चौऱ्याऐंशी. कुलूपवाल्याच्या बायकोबद्दल एकतीस. एकानं पाठीमागच्या झाडाचं नाव विचारलंय."

"आणि...?"

"एकही नाही काका. कुणीही ओळखलं नाही."

माणूस विसरला गेला म्हणून इतका आनंद कुणाला झालेला लेखिकेनं पाहिला नव्हता. काका हसत होते आणि डोळे पुसत होते.

ती गेल्यावर त्यांनी बागेचं चित्र पुढं ओढलं. पुढच्या आठवड्यासाठी ते उलटायचं होतं. सवयीनं हात रबराकडे गेला आणि थांबला. बसल्यावर ताईनं पिशवी खांद्यावरून काढून मांडीवर घेतली होती. काकांनी आरसा मारला. छत्री या हातातून त्या हातात गेली, भांग फिरले, बाक डावीकडचा उजवीकडे गेला. ताई होती तशीच बसून राहिली.