निळा रांजण

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे. तळेघरच्या रस्त्याला, उंबराखाली तीन दगडांवर बसलेला असतो. इथं एसटी कमी आणि पायी चालणारे जास्त. म्हणून जवळच राहणाऱ्या गजराबाईनं मला कुंभाराकडून आणून इथं ठेवलं.

पहिल्याच उन्हाळ्यात एक म्हातारा माझं पाणी पिऊन म्हणाला, "बाई, तुझ्यामुळं जीव वाचला बघ." झालं! त्या दिवसापासून गजराबाईनं मनाशी धरलं, की रांजण गळ्यापर्यंत भरलेलाच पाहिजे. ताप असो, घरात लग्न असो, खालच्या झऱ्यावरून ती हंडे आणायचीच. सून निर्मला म्हणायची, "आत्याबाई, आज ऱ्हाऊ द्या की."

"आन कुनी तहानेला आला तर? नावं ठेवंल मला."

नावं कुणी ठेवल्याचं मी तरी ऐकलं नाही. पण मलाही तीच सवय लागली. पाणी बोटभर उतरलं की जीव कासावीस व्हायचा.

पुढं तिचा गुडघा सुजला. आता माझं पाझरणं तिच्या डोळ्यांत खुपू लागलं. "आमी वर आनायचं आन ह्यानं भायेर सांडायचं!" असं म्हणून तिनं दाराचा उरलेला निळा ऑइलपेंट मला बुडापासून गळ्यापर्यंत फासला. पाझर थांबला. मी भरलेला राहू लागलो. आतून मात्र गुदमरत होतो.

मग भर उन्हाळ्यात एका दुपारी मेंढरंवाला जानकू आला. पहिलाच घोट त्यानं थुंकला. "मावशे, ह्यात पावडर टाक, च्या तयार हाय!"

तो हसत मेंढरांमागं गेला. गजराबाई हसली नाही. तिनं मला कलतं करून रिकामं केलं आणि पुन्हा सरळ बसवलं. झऱ्याच्या उतारावर चपला घसरतात, म्हणून त्या नेहमीसारख्या माझ्याजवळ काढल्या आणि हंडा घेऊन लंगडत खाली गेली.

थोड्या वेळानं खालून दगड घरंगळल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

मित्रांनो, मातीच्या भांड्याला हाक मारता येत नाही. उंबराची सावली माझ्यावरून सरकली. रंग तापला. चपला तशाच पडलेल्या. एक जीप थांबली, कुणीतरी आत डोकावून "रिकामाच हाय राव," म्हणालं आणि जीप निघून गेली. मला तेव्हा रिकामा असल्याची लाज वाटली नाही. फक्त कुणीतरी त्या चपला बघाव्यात, एवढंच वाटत होतं.

ऊन कललं तेव्हा जानकू परत आला. वाकला. चपला बघितल्या आणि धावतच उतारावर गेला.

पुढचं तो आजही सगळ्यांना सांगतो. गजराबाई पाय मुरगळून खडकात अडकून बसली होती. पण मांडीवरचा हंडा तिनं सरळ धरला होता. जानकूला बघून म्हणाली, "आदी ह्यो घे, सांडंल."

जानकूनं हंडा घेतला. तिच्या तोंडावर पाणी मारलं, सुजलेल्या पायावर ओतलं आणि उरलेलं तिलाच पाजलं.

"आरं, रांजनाचं पानी!"

"रिकामा ऱ्हायला म्हनून रांजन मरत न्हाई, मावशे. त्यो भरलेलाच पायजे, आसं तुला कुनी सांगितलं व्हतं?"

गजराबाईनं बराच विचार केला. "कुनीच न्हाई," ती म्हणाली. म्हणताना रडायलाच लागली.

दुसऱ्या दिवशी निर्मलानं विटेनं घासून माझा रंग काढला. निघाला तेवढा निघाला. गजराबाई पाय पसरून शेजारी बसली होती. मी पाझरू लागलो तेव्हा तिचा हात हंड्याकडं गेला, आणि मग मागं आला.

आता येणारा-जाणारा तांब्याभर ओततो. कधी मी निम्मा असतो, कधी कोरडा. गजराबाई ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी येते आणि माझंच पाणी पिऊन जाते.

मित्रांनो, या वाटेनं आलात तर माझ्या अंगाला हात लावून बघा. ओलं लागलं तर पाणी गार आहे, पोटभर प्या. जमलं तर थोडं ओता, नाही जमलं तर सुखानं पुढं जा. फक्त मला पुन्हा रंग लावू नका.