मामा मेला की नाही

या, अशा जवळ सरका. पंखा जरा कमी करा, नाहीतर माझा आवाज पोहोचायचा नाही. आमच्या शिंप्याच्या दुकानातली एक गोष्ट सांगते. मात्र शेवटी कोण बरोबर, ते मला विचारू नका. देवाशपथ, माझाच अजून गोंधळ आहे.

मी तिथे काजं-बटणं करायचे. मास्तर मशीनवर. सकाळी अकराला शेजारच्या आक्का यायच्या. छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासून निवृत्त झालेल्या. बाकावर टेकल्या की पहिला प्रश्न, "काल काय झालं?" म्हणजे मालिकेत. नातीची परीक्षा म्हणून सूनबाईंनी घरातला टीव्ही तीन महिने बंद ठेवला होता. मग आदल्या संध्याकाळचा भाग मास्तर सांगायचे.

"ती रडत वकिलाला म्हणाली, माझी मदत करा."

"मला मदत करा!" आक्का कडाडल्या. "जन्मभर हेच खोडत आले मी."

"अहो, ती रडत होती."

"रडणाऱ्याला काय भाषा नसते? आणि वकील कुठला? तो तर डॉक्टर होता."

"डॉक्टर सिनेमात, आक्का. नट तोच."

"मग मिशी तरी बदलायची! माणसानं ओळखायचं कसं?"

असं रोज चालायचं. एके दिवशी मास्तरांनी मालिकेतल्या मामाच्या मरणाचा प्रसंग असा रंगवला, की माझी सुई हातातच राहिली, डोळे भरून आले. आक्कांनी चष्मा काढून डोळे पुसले.

आठवडा गेला. आक्का उशिरा आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"मास्तर, मामा मेला ना?"

"मेला की."

"सूनबाई म्हणते, जिवंत आहे. ती दुपारी ऑफिसात फोनवर बघते. काल म्हणे तो कोर्टात साक्ष देत होता. मागे मी म्हटलं, मालिकेत त्यांनी घर विकलं, तर ती म्हणाली विकलेलंच नाही. आता मुलानं उद्याची डॉक्टरांची वेळ घेतलीय, माझं डोकं तपासायला. गॅसला हात लावायचा नाही म्हणाला. घराची किल्लीसुद्धा काढून घेतली हो माझ्याकडून." आक्कांचा आवाज बारीक झाला. "मामा मेलाच नसेल, तर मी रडले कुणासाठी?"

रडले तर मीही होते. दोघींना एकदम वेड लागतं का? मी मास्तरांकडे पाहिलं. मशीन थांबलं होतं.

"आक्का," मास्तर खाली बघत म्हणाले, "माझा टीव्ही दीड महिन्यापूर्वी बिघडला. दुरुस्तीला दिला, तो अजून आलेला नाही. तुम्ही विचारलंत, तर नाही म्हणवेना. एक दिवस मनानंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुढचं विचारलंत."

"म्हणजे मामा?"

"मी मारला."

आक्का बाकावर बसल्या.

"का मारलात?"

"तुम्हीच म्हणायचात, हा मामा फार कंटाळवाणा आहे."

"अहो, कंटाळवाणा आहे म्हणून जीव घ्यायचा?" मग त्या उठल्या. "चला घरी. हे माझ्या मुलासमोर सांगा."

मास्तरांचा चेहरा उतरला. सगळी गल्ली हसणार होती. खोटं बोलणाऱ्या शिंप्याच्या मापावर पुढे कोण विश्वास ठेवणार? तरी ते उठले. गळ्यातली टेप काढायचंही सुचलं नाही त्यांना. आधाराला म्हणून मीही मागे गेले.

मुलाला काही केल्या उमजेना. "तुम्ही मालिका रचून सांगत होतात? रोज?"

"रोज. तुमच्या आईंचं डोकं ठणठणीत आहे. त्यांनी मी सांगितलेला शब्द न् शब्द लक्षात ठेवला."

"मग घर कुणी विकलं?"

"तेही मीच."

मुलानं आईकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. मग खिशातून किल्ली काढून आक्कांच्या हातात ठेवली आणि डॉक्टरांना फोन लावायला आत गेला. सूनबाई आमच्यामागून दारापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "मास्तर, मामा गेल्यावर मामीनं काय केलं हो?"

परीक्षा संपली, टीव्ही सुरू झाला. पाचव्या दिवशी आक्का परत दुकानात.

"मेलेला माणूस तिथे चहा पितोय, मास्तर. आणि कुणालाच त्याचं काही नाही! मला बघवत नाही. तुमचं कुठवर आलंय?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. होय म्हणावं की नको, मला काय ठाऊक! त्यांनी पायडलवर पाय ठेवला आणि मामीपासून सुरुवात केली.

बाबांनो, देवापुढे हात जोडाल तेव्हा आमच्या मास्तरांची आठवण असू द्या. खोटं बोलले खरे, पण ते कबूल करायला स्वतःच्या पायांनी चालत गेले.