हुतात्म्याची बायको

माझा नवरा खऱ्या धर्मासाठी स्पेनमध्ये जिवंत जळाला, ही बातमी आली तेव्हा मी धक्क्यावरच्या कोठारात तारल्यांना मीठ लावत होते. सांगायला प्लिमथचा एक खलाशी आला होता. तो स्वतः स्पॅनिश गलबतावर बेड्या घालून वल्ही मारत होता, तिथून कसाबसा सुटलेला. सेव्हिलच्या चौकात त्याने लांबून पाहिलं होतं.

"मेरीगोल्ड जहाजावरचा होता," तो म्हणाला. "उंच होता. शेवटपर्यंत वाकला नाही."

मेरीगोल्डवरचा उंच माणूस म्हणजे आपला पॅस्कोच, हे आमच्या हॅलकोम गावच्या लोकांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. मी हातातला थर पुरा केला. पिंप अर्धवट सोडलं तर मासे नासतात. बायका एकमेकींना म्हणाल्या, विल्मट धीराची आहे हो. धीर वगैरे काही नव्हता. आत काहीच नव्हतं. थंडीत हात तासभर मिठात राहिले की बोट कापलेलं कळत नाही, तसं.

पॅस्को काही लढायला गेला नव्हता. खारवलेले मासे घेऊन गेला होता. तिथले पोपवाले, म्हणजे जुन्या धर्माचे लोक, शुक्रवारी मांसाला शिवत नाहीत, त्यामुळे आमच्या माशांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तेच. मग आमच्या राणीचं आणि त्यांच्या राजाचं बिनसलं. त्यांनी बंदरात उभी असलेली आमची जहाजं धरली आणि माणसं तुरुंगात कोंबली. पुढे त्यांचं ते प्रचंड आरमार आमच्या किनाऱ्यावरून गेलं, टेकड्यांवर जाळ पेटले, घंटा वाजल्या, वादळात ती जहाजं फुटली आणि सगळा गाव नाचला. पॅस्कोचा मात्र पत्ता नव्हता. त्यानंतर ही बातमी.

आमचे पाद्री हॅनाफर्ड तरुण होते, ऑक्सफर्डला शिकून आलेले. हॅलकोममध्ये त्यांना कोंबड्यांची भांडणं आणि दारूच्या गुत्त्यातली मारामारी यांपलीकडे काही मिळालं नव्हतं. आता त्यांना हुतात्मा मिळाला. चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीवर पूर्वी एका संताचं मोठं चित्र होतं. आमच्याकडे तो जुना धर्म बंद झाला तेव्हा त्यावर चुना फासला गेला. त्या पांढऱ्या भिंतीवर पाद्रीबाबांनी काळ्या अक्षरांत पॅस्को ल्युस्कमचं नाव लिहून घेतलं आणि खाली, तो कशासाठी जळाला ते. मला पुढच्या बाकावर बसवलं. त्या बाकावर त्याआधी फक्त जहाजमालकाची बायको बसायची. ती सरकली, पण नाखुशीनेच.

माझ्या सासूला, थॉमसिनला, यातलं काहीच पटलं नाही. तिला पोरासाठी मेणबत्ती लावायची होती, जुन्या धर्मात लावायचे तशी.

"हुतात्म्याला प्रार्थनेची गरज नसते, आजी," पाद्रीबाबा म्हणाले. "शिवाय ते आता कायद्यात बसत नाही."

"त्याला नसेल. मला आहे," ती म्हणाली आणि उठून घरी आली.

अशी चार-पाच वर्षं गेली. दर वर्षी एका रविवारी पाद्रीबाबा पॅस्कोवर बोलायचे. दर वर्षी गोष्ट थोडी मोठी व्हायची. आधी तो नुसताच जळाला होता, मग जळताना प्रार्थना म्हणत होता, मग ती प्रार्थना ऐकून एक स्पॅनिश शिपाई रडला. आजूबाजूला लोक डोळे पुसत. मी समोर बघत बसे. मला वाटायचं, हे कोणाबद्दल चाललंय? पॅस्कोला दोन ओळींच्या पुढे प्रार्थना येत नव्हती.

मग एका सकाळी तो टेकडी उतरून आला.

मी दारात जाळं सांधत होते. माणूस हडकलेला, केस पांढरे, एक पाय ओढत चाललेला. कुंपणापाशी थांबला. मला ओळखायला वेळ लागला नाही. लगेच ओळखलं. फक्त पुढे जे व्हायला पाहिजे ते झालं नाही.

"विल्मट," तो म्हणाला. "पाणी आहे का गं?"

मी पाणी आणायला आत गेले. सासूने खिडकीतून पाहिलं, हातातली पळी घेऊन तशीच बाहेर धावली आणि आधी त्याच्या पाठीत एक पळी हाणली. "मेल्या! मेला होतास ना?" मग त्याच्या गळ्यात पडून जी रडायला लागली ती थांबेचना. मी तांब्या घेऊन उभी राहिले. मधे पडायला जागाच नव्हती.

त्या दिवशी त्याने वाटाण्याचं कालवण खाल्लं, जवाचा पाव खाल्ला आणि पुन्हा कालवण खाल्लं. काही सांगितलं नाही. स्पेनने काही कैदी अदलाबदलीत सोडले, त्यात तो होता, एवढंच. दुपारी पाद्रीबाबा धापा टाकत आले. त्यांचा चेहरा उजळला होता.

"पॅस्को! देवाने तुला आगीतून ओढून काढलं!"

"आगीत मी नव्हतोच, बाबा."

"पण प्लिमथचा माणूस..."

"तो दुसरा. आमचा सुतार. मी त्याच चौकात उभा होतो, पण इकडच्या बाजूला." पॅस्को पावाचे कण गोळा करत होता. "त्यांनी विचारलं, तुझा धर्म खोटा ना? मी म्हटलं, हो, खोटा. मग मला पिवळा झगा घातला, हातात मेणबत्ती दिली आणि गुडघ्यावर बसवलं."

पाद्रीबाबा दाराकडे वळले. सासू म्हणाली, "जिवंत आहे ना? मग झालं की. बसा, थोडं खाऊन जा."

ते बसले नाहीत.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. पॅस्को गुत्त्यात गेला तर आमच्या शेजारणीचा भाऊ बाक झटकत ओरडला, "सरका रे सरका, हुतात्मे आले! अजून गरम असतील, हात भाजतील!" सगळे खिदळले. दुसरा म्हणाला, "पॅस्को, शुक्रवारी मासे चालतात ना रे आता?" पॅस्कोने पेला संपवला आणि घरी आला. त्याला राग आला नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, "विनोद बरा होता तो, गरमचा." जोन विजर माझ्या शेजारची. पाच वर्षं ती मला भेटली की माझ्या बाहीला हात लावायची, पुण्य लागावं म्हणून. आता विहिरीवर ती पाठ करून उभी राहायला लागली. रविवारी पुढच्या बाकावर जहाजमालकाची बायको ऐसपैस बसली होती. मी मागे गेले. मागे वारा लागतो, पण झोप आली तर कोणी बघत नाही.

वरून, बिशपकडून, हुकूम आला की पोपपुढे वाकलेल्याला असंच परत घेता येणार नाही. सगळ्या गावासमोर पश्चात्ताप करावा लागेल, नाहीतर एक्सेटरला धर्मकोर्टात. पाद्रीबाबांनी घरी येऊन सांगितलं. खरं सांगायचं तर ते वाईट नव्हते.

"अंगावर पांढरी चादर घ्यायची. अनवाणी यायचं. हातात पांढरी काठी."

"मेणबत्ती नाही?" पॅस्कोने विचारलं.

"मेणबत्ती ही त्यांची पद्धत."

"बरं," पॅस्को म्हणाला. तो थट्टा करत नव्हता. नीट समजून घेत होता, उद्या कुठलं शीड लावायचं हे विचारावं तसा.

चादर माझीच दिली. लग्नातली होती, पांढरी तेवढीच एक होती घरात. रविवारी तो वेशीपासून चर्चपर्यंत चालत गेला आणि मी दहा पावलं मागून. पोरंटोरं कुंपणावर चढली होती. चर्चमध्ये तो बाकांच्या मधे उभा राहिला. पाद्रीबाबा एकेक वाक्य सांगत, तो मागून म्हणे. मी भित्रेपणाने खऱ्या धर्माला पाठ दाखवली. मी खोट्यापुढे गुडघे टेकले. मला क्षमा करा. एकही शब्द चुकला नाही.

शेवटी पाद्रीबाबांनी विचारलं, "हे तू मनापासून म्हणतोस?"

पॅस्कोने मान वर केली. "तिथेही शेवटी हेच विचारलं होतं, बाबा."

पाद्रीबाबांचे कान लाल झाले.

"आणि तिथे तू काय म्हणालास?"

"हो म्हणालो." थोडं थांबून तो म्हणाला, "हो. मनापासून."

दोन्ही वेळा हो त्याने याच आवाजात म्हटलं असणार. पाद्रीबाबांनाही ते कळलं, कारण पुढची प्रार्थना त्यांनी भराभर उरकली.

भिंतीवरचं नाव पुसायचं काम आमच्याच गळ्यात पडलं. पॅस्को शिडीवर, मी खाली चुन्याची बादली धरून. काळी अक्षरं एका हातात झाकली जाईनात. दुसरा हात वाळायची वाट बघत आम्ही पायरीवर बसलो, तेव्हा तो आपणहून बोलला.

"जेनकिन नाव त्याचं. सुताराचं. फॉवी नदीकाठचा. रागीट माणूस होता. कोठडीत माझा पाव चोरायचा. देवाधर्माचं एक अक्षर बोलायचा नाही. मग त्या दिवशी त्याला विचारलं, तर म्हणाला, नाही. का म्हणाला, मला अजून कळलं नाही, विल्मट. मी वाट बघत होतो, आता बदलेल, आता बदलेल."

"त्याला बायको होती?"

"होती. लव्हडे."

"तिला कोणी सांगितलं?"

तो उठून चुना ढवळायला लागला. पाच वर्षं त्या बाईच्या जागी मी बसले होते. मला लाज वाटायला हवी होती, किंवा दया. काहीच आलं नाही. पण जायला पाहिजे हे मात्र कळलं, चूल पेटवायला पाहिजे हे कळतं तसं. "सांगायला जाऊ या," मी म्हटलं.

पाद्रीबाबा तेवढ्यात आत आले. त्यांनी शेवटचं बोलणं ऐकलं असावं. "त्या सुताराचं नाव काय?" ते म्हणाले. "भिंत आहे. त्याचं लिहू. त्याचं लिहायलाच पाहिजे."

"परत आलो की सांगतो," पॅस्को म्हणाला.

आम्ही नावेने प्लिमथला गेलो आणि पुढे चालत. त्याचा पाय दुखायचा, म्हणून हळूहळू. फॉवीच्या काठाला विचारत विचारत एका पाणचक्कीपाशी पोचलो. दारात लाल गालांची एक बाई मांडीवर तान्हं घेऊन बसली होती आणि दुसरं पायाशी खेळत होतं, सहाएक वर्षांचं.

"लव्हडे का? जेनकिन सुताराची?"

"होते," ती म्हणाली. "आता चक्कीवाल्याची. मेरीगोल्ड बुडालं ना. कोण तुम्ही?"

पॅस्कोने सांगितलं. जहाज बुडालं नव्हतं, धरलं होतं. जेनकिन तुरुंगात होता. मग कसा मेला ते सांगितलं, थोडक्यात. ती शांतपणे ऐकत होती. तिने पहिलाच प्रश्न विचारला तो असा:

"कधी?"

"आरमार फुटलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात."

तिचे ओठ हलले. ती मनात हिशेब करत होती. मग तिने पायाशी बसलेल्या पोराला उचलून जवळ ओढलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चक्कीवाल्याशी तिचं लग्न लागलं तेव्हा जेनकिन जिवंत होता. हे बाहेर आलं तर लग्न लग्न नव्हे, आणि ही दोन्ही पोरं कायद्याने कोणाचीच नाहीत.

"आणखी कोणाला सांगितलंत?"

"नाही," मी म्हटलं.

"मग सांगू नका." तिने चक्कीकडे पाहिलं. आत दगडाचा घरघर आवाज चालू होता. "तो यायच्या आत जा. रागावू नका, पण जा." आम्ही वळलो तसं तिने पॅस्कोला हाक मारली. "ओरडला का तो?"

"नाही."

"खोटं बोलतोस."

"हो," पॅस्को म्हणाला.

तिने मान हलवली, ठीक आहे म्हणून. घरात जाऊन तिने चीजचा एक तुकडा फडक्यात बांधून दिला, वाटेसाठी. आणि दार लावून घेतलं.

परतीच्या वाटेवर आम्ही कुंपणाच्या आडोशाला बसून ते चीज खाल्लं. चांगलं होतं. पॅस्कोला एकदम हुडहुडी भरली, भर उन्हात. दात वाजायला लागले. मी त्याचे हात माझ्या काखेत धरून बसले. तो घरी आल्यापासून मी त्याला पहिल्यांदाच हात लावत होते, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. हुडहुडी थांबल्यावरही आम्ही लगेच उठलो नाही.

घरी पोचलो तर पाद्रीबाबा वाटच बघत होते. "नाव?"

"आठवत नाही, बाबा."

"अरे, तू त्याच्याबरोबर कोठडीत होतास!"

"नाहीच आठवत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "त्याला मार फार बसलाय." ते चडफडत निघून गेले. भिंत कोरीच राहिली.

लांबच्या जहाजावर पॅस्कोला कोणी घेईना, म्हणून तो नदीवरच्या तरीवर लागला. माणसं या काठावरून त्या काठाला. पुढच्या हिवाळ्यात जहाजमालकाची बायको टोप्या विकणाऱ्या एकाबरोबर पळाली आणि गावाला हसायला दुसरं काहीतरी मिळालं. सासू लेकाला खायला घालता घालता एका दुपारी खुर्चीतच गेली, तेव्हा पॅस्कोने चादरीखाली तिच्या हातात मेणबत्तीचा एक तुकडा ठेवला. माझ्याशिवाय कोणी पाहिलं नाही.

तो फार बोलत नाही. मीही नाही. मी कधीकधी डबा घेऊन तरीवर जाते आणि जागा असली तर समोर बसते. एकदा टॉटनिसचा एक व्यापारी होता. पॅस्कोच्या पायाकडे बघून म्हणाला, "हॅलकोमचा तो जळालेला माणूस म्हणे परत आला. तो तूच का?"

"नाही हो," पॅस्को म्हणाला. "जळाला तो दुसरा." आणि प्रवाह जोराचा होता म्हणून त्याने मला पलीकडच्या बाजूला सरकून बसायला सांगितलं.