दुखापतीचं कारण

“सही करा बाबा. शेवटचं सांगतोय.”

त्याचा आवाज खाली आला, तशी मी मुलीला उचलून घेतलं. माझा नवरा ओरडतो तोवर परवडतो. हळू बोलायला लागला की मी आधी पोरीचं डोकं सांभाळते.

सासरे वर्कशॉपमधल्या बाकड्यावर बसले होते. समोर बक्षीसपत्र: खालचं वर्कशॉप, वरच्या दोन खोल्या, सगळं मुलाच्या नावे.

“एवढी घाई कसली? मी मेल्यावर बघू की.”

“मेल्यावर मृत्युपत्र, मग प्रोबेट. ते खरं आहे म्हणून कोर्टात सिद्ध करत बसायचं, दोन-तीन वर्षं! आत्ताच दिलंत की भानगडच नाही.”

“लागू देत वर्षं. मला कुठं गाडी पकडायचीय तेव्हा?”

मला हसू फुटलं. ते त्यानं पाहिलं. केसांना धरून त्यानं मला लेथवर आदळलं. कपाळ कडेला लागलं, पोरगी किंचाळली. मी दोन्ही हातांनी तिला पोटाशी आवळलं. सासरे मध्ये पडायला उठले, तर बाकड्यावर लाथ बसली आणि बाकड्यासकट ते कोसळले. त्यांच्या छातीवर गुडघा रोवून यानं त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांत पेन कोंबलं. त्यांनी मूठ वळली. यानं मनगट पिरगाळलं, आणखी पिरगाळलं. आवाज झाला, बारीकच. पेन घरंगळत लेथखाली गेलं.

त्या लोंबत्या हाताकडे तो क्षणभर बघत राहिला. “आता सही कशानं करणार, थेरड्या?” म्हणून त्यानंच वर एक लाथ घातली आणि शटर आपटून गेला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “काका, कसं लागलं?”

“हात लेथमध्ये अडकला.”

चाळीस वर्षं सूतभर न चुकलेला माणूस. आणि लेथ तर दोन वर्षं बंद, हे बाईंनाही ठाऊक.

माझ्या कपाळाला टाके घालताना बाईंनी विचारलं, “आणि तुम्ही?”

“पडले.”

“दोघं एकाच दिवशी? बरं.”

प्लास्टर झाल्यावर सासऱ्यांनी कोरा कागद मागितला. “मृत्युपत्र करायचंय. घर, वर्कशॉप, सगळं सुनेला. डावा अंगठा चालतो ना? साक्षीला तुम्ही आणि या सिस्टर.” मग माझ्याकडे वळले. “तू बाहेर बस बाळा. जिला मिळणार, तिनं तिथं थांबू नये.”

मी अर्ध्या दाराबाहेर पोरीला पाजत बसले. आतलं सगळं ऐकू येत होतं. सिस्टरनं लिहिलं, वाचून दाखवलं. मग बाई म्हणाल्या, “काका, माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही प्रोबेटचे खेटे घातलेत. जीव जातो हो. हयातीतच सुनेच्या नावे करून टाका ना.”

“केलं तर त्याला लगेच कळेल. मग ही वाचायची नाही. मृत्युपत्र माझ्यामागं उघडेल, तेही कोर्टात, चार माणसांसमोर. मला तेच हवंय. तुम्ही याल ना साक्षीला?”

“येईन. पण मुलगा म्हणेल, म्हातारा भ्रमिष्ट झाला होता, बंद लेथमध्ये हात अडकला म्हणत होता. माझ्या केसपेपरवर लेथच लिहिलंय, काका. मी काय सांगू?”

पोरगी पिता पिता झोपून गेली.

“खोडा ते,” सासरे म्हणाले.

“मग काय लिहू?”

“मुलानं मोडला. सुनेचं कपाळही त्यानंच फोडलं.”

“मला पोलिसांत कळवावं लागेल. आजच.”

“कळवा.”

“मुलाचं नाव?”

त्यांनी सांगितलं. मध्ये स्वतःचं लावून, आडनावासकट, सावकाश. शाळेत घालताना सांगतात तसं.

पेन कागदावर फिरल्याचा आवाज आला आणि थांबला.

“वेलांटी दुसरी, बाई,” सासरे म्हणाले. “लोक चुकतात.”