मामंजींचा बिनसाखरेचा चहा

या, जरा पुढे सरकून बसा. मागे बसलं की अर्धी गोष्ट वाऱ्यावर जाते. एका सुनेची आणि तिच्या सासऱ्याची गोष्ट सांगते. मध्ये हसूही येईल, पण शेवटी पदर डोळ्याला लागला तर मला बोल लावू नका.

ही सून शिवणाच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर. ती कॉलर जोडते, मी काजं करते. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात ती आणि मामंजी, दोघंच. मामंजी घड्याळजी. दुकान केव्हाच बंद झालं, तरी डोळ्याला लावायचं भिंग आणि चिमटा खणात जपून ठेवलेला. मुलगा गेला आणि घरातलं बोलणंच संपलं. “वाढलंय.” “हं.” झालं, दिवसाचं संभाषण आटोपलं.

त्यात मामंजींना मधुमेह निघाला. रक्तदाब आधीपासून होताच. डॉक्टरांनी साखर तोडली. म्हातारा कप तोंडाशी नेई आणि तसाच खाली ठेवी. “हे भांडी विसळायला घे,” म्हणे.

सूनही हटणारी नव्हती. कुंडीतला गवती चहा आणि पुदिना तिने सावलीत वाळवला. संत्र्याच्या साली खिडकीत कुरकुरीत केल्या. बडीशेप आणली, सुंठ आणली, गुलाबाच्या पाकळ्या आणल्या. बरण्या भरून चिठ्ठ्या चिकटवल्या. मामंजींनी एकीत नाक घातलं.

“सूनबाई, मी काय बैल आहे? चारा कसला टाकतेस पुढे?”

“बैल निदान शिंग तरी मारतो, मामंजी. तुम्ही नुसतेच फुरफुरता.”

सहा वर्षांत पहिल्यांदा म्हातारा हसला. पण कप काही रिकामा होईना. शेवटी तिला ज्येष्ठमध सुचला. काडी चघळावी तर गोड, आणि साखरेचा कण नाही! तिने पूड करून मिश्रणात घातली. मामंजींनी कप संपवला, तळाशी पाहिलं आणि विचारलं, “आणखी आहे का गं?”

तेवढ्या चार शब्दांनी घर पालटलं. संध्याकाळी ती कामावरून आली की दोघं टेबलाशी बसत. मामंजी डोळ्याला भिंग लावून चिमट्याने पाल्यातले देठ वेचत.

“या पुदिन्यात तीन देठ! कामचुकार कुठली.”

“चहा आहे तो, घड्याळ नव्हे.”

“चाकाचा एक दाता चुकला की सगळं चुकतं, सूनबाई. चहा असो नाहीतर संसार.”

असंच वेचता वेचता एकदा म्हणाले, “त्याला पुदिना चालायचा नाही. दात घासल्यासारखं वाटतं म्हणायचा.” मुलगा गेल्यापासून त्याचा विषय त्या घरात पहिल्यांदा निघाला. दुसऱ्या दिवशी तिने मला हे सांगितलं तेव्हा कॉलर तिरकी शिवली गेली होती, आणि ती रडत होती की हसत, मला कळेना.

दिवसाचे चार कप ठरले, प्रत्येकात ज्येष्ठमधाचा शिगोशीग चमचा; दुपारचे ती कामावर निघतानाच थर्मासात भरून ठेवी. औषधीच तर आहे, जास्त झाली म्हणून काय बिघडणार! आपण सगळ्या असंच म्हणतो.

दोनेक महिन्यांत मामंजींचे पाय सुजले, रक्तदाब चढला. डॉक्टरांनी विचारलं, “मीठ?” “कण नाही.” “आणखी काही घेता?” “काही नाही हो, आपला पाल्याचा चहा.” “छान,” म्हणून त्यांनी गोळी वाढवली. दोघांपैकी कुणी लपवलं नव्हतं. त्या बरण्या त्यांच्या लेखी औषध नव्हत्याच, त्या दोघांच्या संध्याकाळच्या गप्पा होत्या.

एके सकाळी मामंजींना खुर्चीतून उठवेना. पायात जीवच नाही. दवाखान्यात नेलं. परिचारिका म्हणाली, “त्यांच्या तोंडात जे जे जातं ते सगळं पिशवीत घालून आणा.” ही गोळ्यांबरोबर बरण्याही घेऊन गेली.

डॉक्टरांनी एकच बरणी उचलली. “हे किती घालता?”

“कपाला चमचा. चार कप.”

त्यांनी झाकण हळूच लावलं. रोज एवढा ज्येष्ठमध पोटात गेला की रक्तदाब चढतो, अंगातलं पोटॅशियम निघून जातं, हातपाय ढिले पडतात, हृदयाचा ठोका चुकतो. ते आवाज न चढवता सांगत होते, आणि हिच्या कानाशी नुसती मशीन चालल्यासारखी घरघर.

तेवढ्यात सासरहून नणंद धावत आली. तिने अर्धंमुर्धं ऐकलं. “कुणी घातलं हे बाबांच्या चहात? वहिनी, तू?”

हिने तोंड उघडलं. पण खाटेवरून मामंजीच बोलले. “मी घातलं. ती बिचारी चिमूटभर घालायची. ती कामाला गेली की मी चमच्याने ओतायचो. जीभ आवरली नाही, बाळे.”

ते साफ खोटं होतं. त्या पुडीने मामंजींना शिंकांवर शिंका येत, म्हणून त्यांनी ती बरणी कधी उघडलीच नव्हती. त्यांनी सुनेकडे असं रोखून पाहिलं की तिने उघडलेलं तोंड मिटलं. तिसऱ्या दिवशी ते गेले.

आता नणंद आली की हिला पोटाशी धरते. “बाबाच हावरे, वहिनी. तू मनाला लावून घेऊ नकोस.” ही मान खाली घालून उभी राहते.

जेवणाच्या सुट्टीत तिने मला हे सगळं सांगितलं. मी म्हटलं, “सांगून टाक गं वन्संना. मोकळी होशील.”

“मी मोकळी होईन, पण मामंजी खोटे पडतील. पाच मिनिटं मागे पडणारं घड्याळसुद्धा त्यांनी कधी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारलं नाही. जन्मात एकदा खोटं बोलले, ते माझ्यासाठी. ते मी मोडू कशी?”

देवाचं नाव घेऊन मी गावभर सगळ्यांची समजूत काढते. त्या दिवशी मी नुसता तिचा डबा झाकून दिला. घंटा झाली, आम्ही मशीनवर बसलो. ती अजून कॉलर जोडते, सरळ जोडते. हसत मात्र नाही.

मामंजींची मला काळजी नाही. ते पोचले. पण तुम्ही देवापुढे हात जोडाल, तेव्हा आपलं मागणं मागून झालं की लगेच उठू नका. क्षणभर थांबा, आणि त्या सुनेची आठवण करा.