दाजींच्या जागी

सारंगाने हातोडा उचलला तेव्हा त्याला अडवायला जवळ कुणी नव्हतं. सारंग म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम. त्याच्या धाकट्या भावाला नुकतंच टाकीतून दोरानं वर ओढलं होतं, निळं पडलेलं अंग, उघडे डोळे. बंद टाकीत माणूस उतरवण्याआधी आतली हवा तपासायची, हा नियम नव्या खलाशालासुद्धा तोंडपाठ असतो. पण कॅप्टनला बंदर यायच्या आत टाकी साफ हवी होती. "काही होत नाही, उतर," एवढंच तो म्हणाला होता.

आता बघायला म्हणून कॅप्टन प्रेतावर वाकला आणि हातोडा त्याच्या कानशिलावर बसला. दुसरा घाव तो खाली पडल्यावर. तिसरा कशाला घातला, हे सारंगालाही सांगता आलं नसतं.

चीफ ऑफिसर धावत डेकवर आला. पडलेला माणूस त्याचा कॅप्टन होता, आणि थोरल्या बहिणीचा नवराही. दाजींनीच त्याला हाताला धरून या धंद्यात आणलं होतं. त्याने ते डोकं मांडीवर घेतलं. "दाजी, डोळे उघडा," तो म्हणत राहिला, आणि रक्त त्याच्या बोटांमधून गळत राहिलं. कॅप्टन मेला की पुढचा अधिकारी, म्हणजे चीफ, त्याच क्षणी कॅप्टन होतो, जहाज पोरकं ठेवायची सोय कायद्यात नाही. रडायची मात्र कुणी बंदी केली नव्हती, तरी त्याला रडता आलं नाही.

सारंगाला हात बांधून रंगाच्या कोठीत टाकलं होतं. चीफ आत गेला, दार लोटलं आणि त्याच्या तोंडावर ठोसा घातला. एक दात तुटून चीफच्याच मुठीत रुतला. मग पोटात लाथ, मग पुन्हा तोंडावर. सारंगाने तोंडसुद्धा वळवलं नाही.

"मारा साहेब," शेवटी तो रक्त थुंकून म्हणाला. "माझ्या भावाला तुमच्या दाजींनी मारलं, दाजींना मी. आता तुमची पाळी."

चीफचा हात वरच्या वर थांबला. तो बाहेर आला आणि त्याने दाराला अडसर घातला.

वळला तर समोर इंजिनियर उभा. दाजींचा जुना दोस्त, हातात लोखंडी पाइप, मागे चार खलाशी.

"बाजूला हो. सारंग पाय घसरून समुद्रात पडला म्हणून लिही. भर समुद्रात कोण विचारतो?"

"झेंडा विचारतो."

"झेंडा? मालकाने कर वाचवायला लावलेलं फडकं ते. त्या देशाचं तोंड तरी आपल्यात कुणी पाहिलंय?"

"फडकं असेल. पण भर समुद्रात जहाजावर झेंड्याच्या देशाचाच कायदा चालतो, आणि त्या कायद्याने हा माणूस माझ्या ताब्यात आहे."

"तुझ्या बहिणीचा संसार उघड्यावर आणला त्याने."

"मला सांगायची गरज नाही."

पाइप चीफच्या डाव्या खांद्यावर आदळला आणि तो हात लोंबू लागला. उजव्या हाताने त्याने कोठीचा अडसर ओढला आणि इंजिनियरच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. एक खलाशी सुरी घेऊन अंगावर आला. चीफचा दंड कोपरापर्यंत फाटला, पण त्याने कपाळ खाडकन त्याच्या नाकावर मारलं. खलाशी नाक धरून खाली बसला.

"पुढे या," चीफ धापा टाकत म्हणाला. "पण बंदरावर खुनाच्या प्रयत्नात नाव देणार, एवढं समजून या."

कुणी आलं नाही. इंजिनियर शिव्या घालत मनगट सांभाळत निघून गेला. दुसरा ऑफिसर वर ब्रिजवर, सुकाणूपाशी, जहाज हाकत होता. चीफ दंडाला फडकं आवळून किनारा लागेपर्यंत त्या दाराला पाठ लावून बसला.

"साहेब, उघडा," आतून सारंग म्हणाला. "जाऊ द्या मला त्यांच्याकडे."

"गप बस."

बंदरावर पोलीस आले. खून आमच्या हद्दीबाहेरचा, झेंड्याच्या देशाने बघावं, म्हणाले, पण तोवर सारंगाला कोठडीत ठेवायला राजी झाले. मग त्या देशाची तपासनीस बाई आली. सर्दीने बेजार, सारखी नाक पुसत होती.

"टाकीत माणूस कुणी उतरवला?"

प्लास्टरमधला हात छातीशी धरून इंजिनियर चीफकडे बघत होता. खलाशी आपल्या मनाने उतरला म्हटलं असतं, तर दाजींच्या नावाला डाग लागला नसता.

"कॅप्टनने," चीफ म्हणाला. "हवा न तपासता."

संध्याकाळी त्याने बहिणीला फोन लावला. बातमी तिला आधीच पोचली होती.

"त्याला जिवंत आणलास?"

"आणला, ताई."

"आणि ह्यांच्यावर ठपका ठेवलास."

"झालं ते सांगितलं."

ती म्हणाली, "घरी येऊ नकोस एवढ्यात," आणि फोन ठेवला.

एक फोन उरला होता, आणि तो कॅप्टननेच करायचा असतो. दुसऱ्या ऑफिसरने सारंगाच्या घरचा नंबर लावून दिला. पलीकडे त्याच्या म्हाताऱ्या आईचा आवाज आला, "कोण रे? थोरला का धाकटा?"

चीफ खुर्चीवर बसला आणि त्याने आधी धाकट्याचं सांगितलं.